कॉम्प्युटरातल्या दोन मामी

कॉम्प्युटरच्या मते मला दोन मामी आहेत. एक रावेरकडची, वडिलांचं आडनाव लावणारी, वय एकवीस, जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात बाळंत झाली आणि तिथून पुढे गायब. दुसरी धूलकोटची, मामाचं आडनाव लावणारी, वय पस्तीस, जन्म एक जानेवारीचा, आणि तिच्याकडे चौदा आकड्यांचा हेल्थ आयडी आहे. ही दुसरी मामी मी बनवली. मतलब मीच, या दोन हातांनी, टाइप करून.

मी बुरहानपुरात सरकारी दवाखान्यात रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर बसते. कॉन्ट्रॅक्टवर. टाइपिंगचा माझा स्पीड बघून मोठ्या बाबूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बेटा, कीबोर्ड से दुश्मनी है क्या?" मला हे काम आवडतं, खरं सांगते. दुपारी रांग संपली की मागच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या कागदांचा वास येतो, पंखा हळू फिरतो, आणि मी बसल्या बसल्या बघत राहते. रॅकवर गठ्ठे झोपलेले असतात. कित्येक कागदांवर काळे डाग असतात, केळीच्या चिकाचे. आमच्याकडे केळीच्या बागेतून माणूस सरळ दवाखान्यात येतो, त्याच हातांनी कागद धरतो, आणि तो डाग मग कधीच जात नाही. मला वाटायचं, हे सगळे कागद एक दिवस उठतील आणि कॉम्प्युटरात जाऊन बसतील. मग इथला कागद जळगावच्या कागदाला ओळखेल, जळगावचा इंदूरच्याला, आणि कुणालाच फाइल काखेत धरून बसमध्ये उभं राहावं लागणार नाही.

तर त्या दिवसांत मामी आमच्या लोधीपुऱ्याच्या घरी होती. पित्ताच्या पिशवीत खडे. पोटात कळ आली की ती पदर तोंडात धरायची आणि कळ गेली की लगेच विचारायची, "गॅस बंद केला का वं?" ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जन तयार, तारीख तयार. आणि मग बेहोशीवाले डॉक्टर, मतलब भूल देणारे, ते आले आणि त्यांनी साधंच विचारलं, "पहले कभी ऑपरेशन हुआ है?"

मामी म्हणाली, "हो. पोराच्या वेळेस. सिझर."

"तब कोई तकलीफ?"

मामी हसली. "तकलीफ काही नाही साहेब. तीन तास मेले होते फक्त."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मामी रावेरकडे गेलेली. तिथून जळगावला हलवलं. भुलीची सुई दिली, पोरगा झाला, रडला, सगळं झालं, आणि मामी काही श्वास घेईना. मशीनवर ठेवली. ती सांगते, "मला सगळं ऐकू येत होतं. माझा भाऊ रडत होता, नर्स त्याला रागावत होती. पण हात हलेना, पापणी हलेना. मग वाटलं, मी तापीच्या पाण्यावर पडली आहे, उताणी. खाली पाणी, वर पाणी. आणि कोणीतरी मला हळूहळू लोटतंय." आम्ही पोरं अंथरुणात पडून हे ऐकायचो आणि मला ते इतकं छान वाटायचं! मला पण पाण्यावर पडायचं होतं. मोठी झाल्यावर कळलं की हे छान नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, शरीर सैल करायचं एक औषध असतं, काही लोकांच्या अंगातून ते लवकर उतरतच नाही. तेच असेल किंवा दुसरं काही असेल. कोणतं दिलं होतं ते कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही. इंदूरला नेलं तरी तिथले हेच विचारतील. "कागज लाओ."

कागद कुठला! ती फाइल मामीच्या माहेरी पत्र्याच्या पेटीत होती, पेटीला वाळवी लागली. पण मला माहीत होतं की जळगावचा तो दवाखाना आता नेटवर्कवर आला आहे. त्यांनी जुन्या फाइली स्कॅन करून चढवल्या आहेत. मी मामीला म्हटलं, "टेन्शन नको घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे." आणि खिडकीवर येऊन तिचा आयडी टाकला, शोधा दाबलं.

कोई रिकॉर्ड नहीं मिला.

परत दाबलं. परत तेच.

आता तो धूलकोटचा कॅम्प सांगावाच लागेल. दोन वर्षांपूर्वी आम्हाला गावोगाव पाठवलं होतं हेल्थ आयडी बनवायला. शाळेच्या ओसरीत टेबल, एक लॅपटॉप, एक अंगठ्याचं मशीन. आणि मशीन कोणाचा अंगठा घेईना! सगळ्यांच्या बोटांवर चीक. घासलं, साबण लावला, कोणी राख आणली, कोणी रॉकेल. मशीन आपलं लाल ते लाल. मग मोबाइल नंबरने करू म्हटलं, तर बायकांकडे मोबाइल नाही, नवरे शेतात. संध्याकाळपर्यंत आकडा द्यायचा होता. मी काय केलं? मी माझा नंबर टाकला. एकीला टाकला, मग दुसरीला, मग मी थांबलेच नाही. जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, सगळ्यांना एक जानेवारी. मामी पण होती रांगेत, हसत होती, "माझी भाची सगळ्या गावाची माय झाली." मला इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी! बाबूंनी शाबासकी दिली, मी सगळ्यांना मावा जिलबी खाऊ घातली.

म्हणून दोन मामी. आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. सासरी तेच. पण बाळंतपणाला माहेरी गेली की माहेरच्या दवाखान्यात भाऊ नाव सांगतो, आणि भाऊ ते लहानपणचंच नाव सांगतो, बापाच्या आडनावासकट. सवय. जळगावच्या कॉम्प्युटरात ती पोरगी आहे. माझ्या कॉम्प्युटरात सून. नाव वेगळं, आडनाव वेगळं, जन्मतारीख माझी बनवलेली, मोबाइल माझा. कॉम्प्युटर बिचारा कसा ओळखेल?

दुसऱ्या दिवशी योगायोगाने आमची मोठी व्हिडिओ मीटिंग होती. जिल्ह्याच्या ऑफिसात मोठा पडदा, आम्ही ऑपरेटर लोक मागच्या खुर्च्यांवर. मला या मीटिंगा फार आवडतात, बाकीचे झोपतात. पडद्यावर चौकोन चौकोन उघडतात आणि प्रत्येकात एक दुनिया असते. दिल्लीच्या मॅडम, नियम बनवणाऱ्या ऑफिसच्या, मागे पुस्तकं. भोपाळची टीम, पाच जण एका कॅमेऱ्यात कोंबलेले. सॉफ्टवेअर कंपनीचा एक मुलगा, त्याच्या मागे खोटा समुद्र, तो हलला की समुद्र त्याचा कान खायचा. आजारांना कोड लावणाऱ्या समितीचे एक म्हातारे सर. आणि खाजगी डॉक्टरांच्या संघटनेचे एक डॉक्टर, ते पहिल्या मिनिटापासून रागात.

"मरीज़ देखूँ कि टाइपिंग करूँ?" ते म्हणत होते.

म्हातारे सर शांतपणे समजावत होते. एक दवाखाना शुगर लिहितो, दुसरा डायबिटीज, तिसरा नुसतं डीएम. माणसाला कळतं तिन्ही एकच, कॉम्प्युटरला नाही कळत. म्हणून सगळ्यांनी एकच कोड लावायचा. कंपनीचा मुलगा म्हणत होता, आमचं सॉफ्टवेअर लावेल, पण आधी त्यांच्या सॉफ्टवेअरने दरवाजा उघडावा. भोपाळवाले म्हणत होते, दरवाजा उघडलाय, तुम्ही आत येत नाही. ते इतकं बारीक बारीक भांडत होते आणि मला वाटत होतं, अरे, हे सगळे मिळून देशभरच्या कागदांना बोलायला शिकवतायत! माझे डोळे अर्धे मिटले होते. मला आमची रेकॉर्ड रूम दिसत होती. सगळे गठ्ठे कुजबुजतायत, तू कुठला, मी रावेरचा, तू कुठला.

मग "कोई सवाल?" आलं आणि मी माइकवर गेले. माझं मलाच कळलं नाही. मागून मोठे बाबू खुसपुसले, "बैठ जा, बैठ जा!" मी तोपर्यंत निम्मं बोलून गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, नाव वेगळं, नंबर वेगळा, बाई एकच, ऑपरेशन अडलंय, तर तुम्ही लोक वरून जोडून नाही देऊ शकत का?

कंपनीचा मुलगा हसला. दिल्लीच्या मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "फिर से बताइए. मायके में क्यों?"

मी सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, अस्पताल अपनी पुरानी फ़ाइल के नंबर पर ओटीपी भेजेगा. तो ओटीपी पेशंटने सांगितला की दोन्ही जुळतील. नावं वेगळी असली तरी.

"और वो नंबर पेशंट के पास न हो तो?"

"तो जिसके पास है, उससे पेशंट बात करे."

"मॅडम, आप लोग ऊपर से…"

"ऊपर से कोई नहीं खोलेगा," त्या म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. "आज आपकी मामी के लिए खोल दिया, कल कोई किसी की भी फ़ाइल खोल लेगा. ये ताला उन्हीं का है."

मी बसले. मला धूलकोटची ती रांग आठवली, आणि माझा नंबर, माझा नंबर, माझा नंबर. गावातल्या त्या सगळ्या बायकांच्या कुलपांच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि मी जिलबी वाटली होती.

जळगावच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडे पण माझ्यासारखीच एक मुलगी, आवाज माझ्याइतकाच घाईचा. तिने जुन्या नावाने शोधलं. "सापडली ना ताई! फाइल आहे. मोबाइलच्या शेवटी सात, तीन, सात, तीन. मी ओटीपी पाठवते, दहा मिनिटं चालतो. आतलं काही मी सांगू शकत नाही, माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "नको सांगू. मी आत्ताच शिकून आले."

सात तीन सात तीन! तो नंबर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मामीच्या भावाचा. केळीवाला माणूस नंबर बदलत नाही, व्यापारी त्याच नंबरावर भाव विचारतात. जळगावला तोच धावपळ करत होता, कागदावर त्याचाच नंबर.

आणि मामी भावाशी चार वर्षं बोलत नव्हती.

कारण ऐकून तुम्ही हसाल. भावाच्या मुलीचं लग्न. भावाने सख्ख्या बहिणीला पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. मामाच्या फोनवर! वर दोन हात जोडलेले आणि एक गणपती. अक्षत द्यायला घरी आला नाही. मामी म्हणाली, मी काय गिऱ्हाईक आहे का? ती लग्नाला गेली नाही. भाऊ म्हणाला, बाग सोडून कुठे कुठे फिरू, हजार पत्रिका होत्या. त्याने नंतर फोन केला नाही, हिने पण नाही.

तर मी हुशारी केली. मामीला न सांगता भावाला मीच फोन लावला, आवाज बदलून. म्हटलं, "नमस्कार सर, मी जळगावच्या दवाखान्यातून बोलतेय, आपल्या नंबरवर एक ओटीपी येईल तो सांगा."

तिकडे आधी 'हां, हां' झालं. मग, "चोर कुठली! शरम नाही वाटत? रोज फोन लावला की ती बाई सांगते, ओटीपी कोणाला देऊ नका. माझं अकाउंट खाली करतीस? थांब, तुझा नंबर पोलिसात देतो."

"मामा, मी आहे! लोधीपुऱ्याची!"

"…तू? हे काय नाटक वं?"

मी सगळं सांगितलं. खडे, सुई, बेहोशीवाले डॉक्टर, ओटीपी. मागे गाडी भरायचा आवाज येत होता, कोणीतरी घड मोजत होतं. मग म्हणाला, "आजार तिचा, फाइल तिची. मग तिला तोंड नाही का? तिला म्हणा फोन कर. देतो आकडा." आणि ठेवला.

मी घरी आले. मामी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून लसूण सोलत होती. सांगितलं. तिने एक पाकळी सोलली, दुसरी सोलली.

"मेले तरी फोन करणार नाही."

"मामी, तेच तर होईल ना!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, हसता हसता पोटात कळ आली, पदर तोंडात गेला, आणि डोळ्यांतून पाणी. ते कळीचं होतं की कशाचं मला माहीत नाही. कळ गेल्यावर म्हणाली, "मला भीती वाटते वं पोरी. तुम्हाला ते पाणी गोष्टीतलं वाटतं. मी ओरडत होते आतून. कोणाला ऐकू जात नव्हतं."

मी तिच्या हातातला लसूण बाजूला ठेवला. ती म्हणाली, "लाव."

मी एका फोनवर जळगावच्या मुलीला सांगितलं, पाठव. दुसरा फोन मामीच्या कानाला, स्पीकर चालू. बाहेर पॉवरलूमची खटखट चालू होती, दुपारची, एका लयीत. मला वाटलं घड्याळच चालू आहे एवढं मोठं.

"हॅलो," मामी म्हणाली.

"हं."

"आला का?"

"काय?"

"तो आकडा."

"थांब. चष्मा कुठंय… ए, गाडी थांबव जरा! भाव नंतर!" मग खरखर. "हां. चार."

"चार," मामी म्हणाली. मी लिहीत होते.

"शून्य. नऊ."

"शून्य. नऊ."

"नऊ. परत नऊ."

"दोनदा नऊ का तीनदा?"

"तू नेहमी अशीच! दोनदा. मग एक. मग सहा."

सहा आकडे झाले. मी माझ्या फोनवरच्या हेल्थ आयडीच्या ॲपमध्ये टाकले. पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं. आता फोन ठेवायचा होता, काम झालं होतं. कोणी ठेवला नाही. लूमची खटखट, तिकडे ट्रकचं इंजिन.

"दुखतं का फार?" भावाने विचारलं.

"तुला काय करायचं?"

"मी तिथं होतो तेव्हा," तो म्हणाला. "जळगावला. तीन तास."

"माहीत आहे. ऐकत होते मी."

"ऐकत होतीस?"

"नर्स तुला म्हणाली, पुरुष असून रडता काय. मी ऐकलं सगळं."

त्याने तिकडे नाक शिंकरलं. आणि तेवढ्यात माझ्या पडद्यावर हिरवं झालं. दोन मामींची एक मामी झाली. खाली एक ओळ उघडली, दुसरी उघडली, आणि मग त्या चौदा वर्षांपूर्वीच्या कागदाचा फोटो. कोपऱ्यात काळा डाग. चिकाचा. भावाच्या बोटाचा असणार. आणि डाव्या बाजूला तिरक्या अक्षरात, दोनदा अधोरेखित, त्या औषधाचं नाव आणि पुढे, हे परत कधीच देऊ नये. चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी ते लिहून ठेवलं होतं. घाईत, पण लिहिलं होतं. आम्हालाच वाचता येत नव्हतं.

मी बुधवारा मोहल्ल्यातल्या दुकानात पळत जाऊन प्रिंट काढलं. हसू नका, डॉक्टरांच्या फोनवर पाठवलं पण आणि प्रिंट पण काढलं. बेहोशीवाले डॉक्टर ते वाचून एवढंच म्हणाले, "बस. यही चाहिए था." मग मला म्हणाले, "किसने निकाला?" मी म्हटलं, पेशंटने.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सकाळी वॉर्डात एक माणूस आला, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, बाहीवर केळीचे डाग. मामी पलंगावर हिरवा गाऊन घालून बसली होती. त्याने पिशवीतून एक लाल कागदाची पुडी काढली. कुंकवात भिजवलेले तांदूळ. मग पत्रिका, खरीखुरी, कोपरे दुमडलेली, चार वर्षं कुठेतरी पडून असलेली.

"लग्नाला यायचं बरं," तो म्हणाला.

"कधी आहे?"

"झालं चार वर्षांपूर्वी. पोरीला आता मुलगी पण आहे."

"मग काय बारशाला येऊ?"

"ते पण झालं."

नर्स ओरडली, बाहेरचं काही पलंगावर नको. मामीने तांदूळ हातात घेतले, कपाळाला लावले आणि माझ्याकडे दिले. ते मी कुठे ठेवू? मी ओळखपत्राच्या कव्हरात ठेवले. अजून आहेत.

ती आत गेली. आम्ही बाहेर बाकावर. भाऊ एकटक दरवाज्याकडे बघत होता आणि मी फोनवर धूलकोटच्या सरपंचबाईंशी बोलत होते की ज्यांच्या ज्यांच्या आयडीवर माझा नंबर आहे त्यांना एक दिवस शाळेत बोलवा, मला तो काढायचाय, हो, सगळ्यांचा, ज्याचा त्याचा टाकू. त्या म्हणाल्या, जिलबी आणशील का? मी म्हटलं, यावेळी नाही.

मामीला बाहेर आणलं तेव्हा ती छातीवर पांघरूण घेऊन श्वास घेत होती. आपला आपला, एक, मग दुसरा. मी मोजत होते, भाऊ पण मोजत होता, ओठ हलत होते त्याचे. तासाभराने तिने डोळे उघडले. भाऊ वाकला. "पाणी दिसलं का?" त्याने विचारलं.

मामीने ओठ ओले केले.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. झोप लागली होती नुसती."